तुमच्या तक्त्यात एक रकाना राहिला

"ताई, जय ख्रिस्त. मी सांगलीत राहतो, वय 33. मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघतो. आमचं घराणं चार पिढ्या जुन्या मिशन चर्चचं, आता सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि माझं चर्चला जाणं जवळजवळ थांबलं. पत्नी कॅथलिक, पुण्याची. लग्न तिच्या चर्चमध्ये झालं. ती रविवारी एकटीच मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जाते. गेल्या वर्षी पेढीवरचा मित्र मला विश्रामबागेतल्या एका विश्वासी मंडळीत, म्हणजे जुन्या पंथांबाहेरच्या स्वतंत्र चर्चमध्ये, घेऊन गेला. वडील गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडलो ते तिथे. आता तिथले पास्टर म्हणतात, लहानपणी डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्माच नव्हे, नाताळाच्या आत पाण्यात बुडून घ्या, आणि आठ महिन्यांच्या मुलीला कुठेच बाप्तिस्मा देऊ नका. आई म्हणते, 'तू चर्च सोडलंस तर उद्या तुझ्या बाबांच्या शेजारी मला जागा कोण देणार?' पत्नी काही बोलत नाही. मी एक्सेलमध्ये तक्ता केलाय. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, मरिया, बिशप, दशांश, असे रकाने पाडून बायबलशी ताडून तिन्ही चर्चना गुण दिले. तरी उत्तर निघत नाही. शास्त्राप्रमाणे सगळ्यांत बरोबर चर्च कोणतं? मी कुठे जाऊ?"
– एक वाचक, सांगली

जय ख्रिस्त.

आधी घाईचं बोलते, कारण नाताळ लांब नाही. नाताळाच्या आत दुसरा बाप्तिस्मा घेऊ नका. पुढच्या वर्षीही घ्यायचा की नाही ते नंतर बघू, पण या तारखेच्या आत नको.

बुडवून दिलेला बाप्तिस्मा चुकीचा आहे, असं मी म्हणत नाही. प्रभू स्वतः यार्देनेत उतरला. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी वाटेत पाणी दिसल्यावर रथ थांबवतो आणि फिलिप्प या प्रचारकाबरोबर पाण्यात उतरतो. आधी विश्वास, मग पाणी, असं बाप्टिस्ट, ब्रदरेन आणि पेंटेकॉस्टल मंडळी म्हणतात ते या अशाच ओळींवरून, आणि प्रामाणिकपणे म्हणतात. त्याच पुस्तकात फिलिप्पै शहराच्या तुरुंगाचा अधिकारी एका रात्रीत आपल्या घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतो. घरचे सगळे म्हणजे त्यात लेकरंही आली असणार, असं आपले जुने लोक म्हणतात. 1525 साली झुरिकमध्ये काही माणसांनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. त्यापायी माणसं नदीत बुडवून मारली गेली. पाचशे वर्षांत विद्वानांकडून जे सुटलं नाही, ते तुमच्याकडून येत्या काही आठवड्यांत सुटावं ही अपेक्षाच बरोबर नाही.

मला खरी काळजी दुसरीच वाटते. त्या सभेत तुम्ही वडिलांसाठी रडलात. तीन वर्षं आत साचलेलं तिथे मोकळं झालं, आणि त्या मंडळीचा हा उपकार खरा आहे, तो विसरू नका. पण आता तिथेच तुम्हाला सांगतायत की तुमच्या वडिलांनी तुम्हाला कडेवर घेऊन, मंडळीपुढे उभं राहून, तुमच्या वतीने जे वचन दिलं ते काहीच नव्हतं. हा निर्णय तुमच्या बाप्तिस्म्याइतकाच तुमच्या वडिलांबद्दलचा आहे. शोक अजून ओला असताना असा निर्णय घेऊ नये. पास्टरांना सरळ सांगा, "मला एक वर्ष द्या." त्यांनी आनंदाने दिलं, तर त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढेल. "आत्मा विझवतोयस" म्हणून भीती घातली, तर त्यातून तुम्हालाच काहीतरी कळेल.

आता तक्त्याकडे येते. मी त्याला हसणार नाही. रविवारी कुठे गाणी छान वाटली, कुठे चहाबरोबर बिस्किटं मिळाली, एवढ्यावर चर्च बदलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तुम्ही निदान शास्त्र उघडून बसलात. फरक आहेत आणि ते बारीक नाहीत. प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, असं कॅथलिक मानतात. आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा धरतात. त्यांचं बायबल 73 पुस्तकांचं, आपलं 66. इकडे साताऱ्यात मी लहानपणापासून मुक्तिफौजेची, म्हणजे साल्व्हेशन आर्मीची, माणसं पाहत आले. ते पाण्याचा बाप्तिस्माही देत नाहीत आणि प्रभुभोजनही घेत नाहीत, तरी गरिबाच्या दारात आधी तेच पोचलेले असायचे. त्यांना तुमच्या तक्त्यात किती गुण मिळतील? दोन रकान्यांत शून्य. आणि मला मात्र प्रभूबद्दल पहिलं कुणी नीट सांगितलं असेल तर मुक्तिफौजेतल्या एका बाईंनी, आमच्या शेजारच्या.

तुम्ही "चार पिढ्या" म्हणता, म्हणून जरा मागचं सांगते. तुमचे पणजोबा प्रेस्बिटेरियन पंथाचे कसे झाले असतील? तीन-चार पंथ तपासून त्यांनी नक्कीच निवड केली नसेल. मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. कोल्हापूर, सांगली, मिरज हा पट्टा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा. सातारा, वाई, नगर हा अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे काँग्रिगेशनल. तुमचे पणजोबा कृष्णेच्या तुमच्या अंगाला राहत होते म्हणून प्रेस्बिटेरियन, माझे आजोबा साताऱ्यात राहत होते म्हणून काँग्रिगेशनल. आमच्याकडे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघणार, तुमच्याकडे वडीलजनांची सभा आणि तिच्यावर आणखी सभा. हा फरक परदेशातून मिशनऱ्यांबरोबर आलेला, आमच्या आजोबांना त्याचं कारणही ठाऊक नव्हतं. 1924 साली हे दोन्ही एका छपराखाली आले, आणि पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बोलणी 1929 पासून चालू होती. एकेचाळीस वर्षं! बिशप मानणारे अँग्लिकन, बिशप न मानणारे आपण, आणि लहान मुलाला बाप्तिस्मा न देणारे बाप्टिस्ट नि ब्रदरेनही त्यात आले. लहानपणीचा बाप्तिस्मा चालेल, मोठेपणीचाही चालेल, दोन्ही रीती एका चर्चमध्ये राहतील, असं ठरलं. अमेरिकन मेथडिस्ट मात्र अगदी शेवटच्या घटकेला बाहेर राहिले.

त्या रविवारी मी नऊ वर्षांची होते. वडिलांनी घरी येऊन सांगितलं, "आजपासून आपण सीएनआय." आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता विचारलं, "मंग कालपातूर आपुन चुकीचं हुतो व्हय?" वडील काहीच बोलले नाहीत. परातीतलं पीठ संपेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि मग म्हणाले, "नाही आई. चुकीचे नव्हतो." एवढंच. तुमचं पत्र वाचताना मला आजीचा तो प्रश्न आठवला, कारण पास्टरांनी तुमच्यापुढे तोच ठेवला आहे. माझं उत्तर माझ्या वडिलांचंच आहे.

तुमच्यासारख्याच कोड्यात सापडलेली दोन मोठी माणसं आपल्याच मराठी मातीत होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वॉंटेजला अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच पुढे त्यांचा पत्रांतून वाद झाला. बिशपांनी आणि पुरोहितांनी सांगितलं म्हणून त्या काही मानायला तयार नव्हत्या. आपल्या देशातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं होतं. ख्रिस्ती लोकांत इतके पंथ पाहून आपण गोंधळलो, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. दुसरे नारायण वामन टिळक. बाप्तिस्मा 1895 चा. वीसेक वर्षं मिशनमध्ये काम केल्यावर 1917 साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि इथे आमच्या साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र, अशी ती कल्पना. नवा पंथ काढायचा त्यांचा हेतू नव्हता. दोनच वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार फार टिकला नाही.

ही दोघं आठवली ती एवढ्यासाठी. पंथांचा त्रास त्यांना तुमच्यापेक्षा कमी झाला नाही, आणि बरोबर पंथ त्यांनाही सापडला नाही. पण दोघांपैकी कुणी एकटं राहिलं नाही. रमाबाईंनी केडगावात शेकडो मुलींचा संसार उभा केला. टिळकांनी माणसं जमवली आणि त्यांच्यात राहिले. टिळकांची भजनं आज तुमच्या जुन्या चर्चमध्ये पेटीवर म्हणतात, आणि मी ती इतर पंथांच्या सभांतही ऐकली आहेत.

आता तुमच्या तक्त्यातला राहिलेला रकाना. तिथे कोण तुम्हाला ओळखतं, आणि तिथे तुम्ही कुणाला जाब देता? दोन रविवार गेला नाहीत, तर "का आला नाहीत?" विचारायला कोण येतं? मुलीला मध्यरात्री ताप भरला तर कुणाला फोन लावाल? आणि उलट, तुम्ही कुणाच्या घरी दुखणं बघायला जाता? बाप्तिस्म्याला दहापैकी किती गुण, हे मला तुमच्याशी बोलून ठरवता येईल. हा रकाना मात्र मला भरता येत नाही, तुम्हीही घरी बसून भरू शकणार नाही. तिथे सहा महिने, वर्ष जाऊन बसल्यावरच तो भरतो. जुन्या चर्चमध्ये तुम्ही तीन वर्षं गेलाच नाहीत, तेव्हा तिथले गुण तुम्ही आठवणीवर दिलेत. मिस्साला तुम्ही पत्नीबरोबर किती वेळा गेलात, ते पत्रात नाही. म्हणजे तीन खाती मांडलीत आणि नोंदी एकाच खात्यात आहेत. तुम्ही हिशेब बघता, यावरून ताळेबंद निघतो का ते तुम्हीच सांगा.

आणि आता ते वाक्य. "पत्नी काही बोलत नाही." एवढ्या मोठ्या पत्रात तिच्या मनाबद्दल हे चारच शब्द आले.

तुमचं लग्न तिच्या चर्चमध्ये झालं, तेव्हा तुम्हाला कदाचित कुणी नीट समजावलं नसेल. कॅथलिक व्यक्तीने दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती व्यक्तीशी लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते. त्या वेळी कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं की मी माझा विश्वास सोडणार नाही, आणि मुलांना कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा देऊन त्याच विश्वासात वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. हे वचन तिने दिलेलं आहे. तुम्ही दिलेलं नाही, तुम्हाला फक्त कळवायचं असतं. 1970 च्या आधी दोघांनाही द्यावं लागायचं. माझ्या थोरल्या बहिणीने 1968 मध्ये दिलं होतं.

म्हणजे पास्टर जेव्हा तुम्हाला "मुलीला कुठेच बाप्तिस्मा देऊ नका" म्हणाले, तेव्हा तुमच्या बायकोला आपलं वचन मोडायला सांगितलं गेलं, तेही तिला न विचारता. ती बोलत नाही याचं कारण मला ठाऊक नाही. पण आठ महिने एक बाई आपल्या लेकराला मांडीवर घेऊन हे वचन मनात धरून बसली असेल, असं मला सारखं वाटतंय. आज घरी गेल्यावर एक्सेल उघडू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, "लग्नात तू काय शब्द दिला होतास?" मग ती बोलेल तितका वेळ मध्ये बोलू नका.

बहिणीचं सांगते. मेव्हणे कॅथलिक, नोकरी पाचगणीला. ती दर रविवारी त्यांच्याबरोबर मिस्साला जायची. कम्युनियनची, म्हणजे प्रभुभोजनाची, वेळ आली की सगळा बाक उठायचा. ती तेवढी बसलेली. गुडघे एका बाजूला वळवून, पदर सावरून लोकांना वाट द्यायची, आणि ते परत यायचे तेव्हा पुन्हा तसंच. चाळीस वर्षं. ती कॅथलिक झाली नाही आणि मेव्हण्यांनी तिला कधी "तूही कॅथलिक हो" म्हटलं नाही. मोठ्या सणाला ती साताऱ्यात आमच्या चर्चला यायची आणि आमच्याबरोबर प्रभुभोजन घ्यायची. तेव्हा मेव्हणे मागच्या बाकावर बसून राहायचे. मी तिला एकदा विचारलं, "त्रास होत नाही?" ती म्हणाली, "होतो की. दर रविवारी होतो." पण घरात रोज रात्री दोघं एकत्र प्रार्थना करायची, आणि तिच्या तीन मुलांपैकी एकालाही आपलं घर दुभंगलेलं वाटलं नाही. तिच्या मातीला फादरही आले होते आणि आमचे पाळकसाहेबही. एकाने वचन वाचलं, दुसऱ्याने प्रार्थना केली.

तिचं सोपं होतं असं तुम्हाला दाखवायचं नाही. सोपं नव्हतं. तुमच्यापुढेही तेच आहे. सीएनआयमध्ये तुमच्या पत्नीला प्रभूच्या मेजापाशी कुणी अडवणार नाही, पण तिच्या चर्चचा नियम तिला तिथे घेऊ देत नाही. तिच्याकडे, अगदी अपवादाची वेळ सोडली, तर तुम्हाला मिळणार नाही. तिघांनी एका मेजाशी बसावं असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर दोघांपैकी कुणाला तरी उठून दुसऱ्याकडे जावं लागेल. मनाने पटलं म्हणून गेलात तर बरं. घरात शांतता राहावी एवढ्यासाठी गेलात, तर ती शांतता टिकत नाही. उद्या तुम्हाला कॅथलिक व्हावंसं वाटलंच, तर तिथे पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत, हेही ऐकून ठेवा. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावाने झालेला बाप्तिस्मा त्यांना मान्य आहे. विश्वास जाहीर करायचा आणि दृढीकरण, म्हणजे विश्वास पक्का करण्याचा संस्कार, घ्यायचा. तुमच्या वडिलांनी करवलेलं तिथे पुसलं जात नाही.

त्याच नियमाने मुलीचा प्रश्नही तुम्हाला वाटतो तेवढा अडलेला नाही. तिचा बाप्तिस्मा तिच्या आईच्या चर्चमध्ये झाला तरी तो सीएनआयला मान्य आहे, तुमच्या चर्चमध्ये झाला तरी कॅथलिकांना मान्य आहे. मला विचाराल तर आईच्या चर्चमध्ये द्या. मी जन्माची प्रोटेस्टंट, हे लिहिताना माझा हात जड होतोय. पण शब्द तिने दिलाय, आणि ज्या घरात बाई आपला शब्द पाळू शकते त्या घरात मुलगी वाढावी असं मला वाटतं. बाप्तिस्म्याला तुम्ही पुढे उभे राहा, तुमच्या आईला बरोबर न्या, आणि मुलीला टिळकांची भजनं तुम्ही शिकवा. मेव्हण्यांच्या घरी ती भजनं माझ्या बहिणीनेच नेली होती.

विश्वासी मंडळीबद्दल आणखी एक बोलायचं आहे. तिथे जाणं सोडा असं मी सांगत नाही. मधल्या वारी प्रार्थनेला जा. पण काही गोष्टी आधी विचारून घ्या. मंडळीची नोंद सार्वजनिक न्यास म्हणून झाली आहे का, हिशेब दरवर्षी सभेपुढे येतो का, दशांश कुणाच्या खात्यात जातो, पास्टर स्वतः कुणाला जाब देतात. जुन्या चर्चलाही हेच विचारा. तिथे जमिनीवरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्याची उदाहरणं आपल्या भागात काही कमी नाहीत, आणि तीही लपवायची गोष्ट नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, आजारपणात ते काय सांगतात ते ऐका. माझ्या धाकट्या दिरांना साखरेचा आजार होता. एका मंडळीत त्यांना सांगितलं, "गोळ्या घेतोस म्हणजे तुझा विश्वास कच्चा." त्यांनी गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ऑपरेशन झालं मिरजेला, वानलेस हॉस्पिटलात. ते हॉस्पिटल 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी उभं केलं, तुमच्याच पणजोबांच्या मिशनने. प्रार्थना आणि चाकू एकाच हातात धरणारी माणसं होती ती. कोणताही पास्टर, पाळक किंवा फादर औषध बंद करायला सांगेल, तर त्या दाराबाहेर पडा आणि मागे वळून पाहू नका. इथे मात्र वर्षभर थांबायचं नाही.

बाकीच्या गोष्टींना वर्ष द्या. एक रविवार पत्नीबरोबर मिस्साला, एक रविवार आपल्या जुन्या चर्चला, जमेल तेव्हा तिघंही. बाकावर बसून राहायची वेळ येईल तेव्हा बसून राहा. ते कसं वाटतं ते तुम्हाला कळलं पाहिजे, कारण ती तुमच्यासाठी एकटी जाते तेव्हा तिलाही काहीतरी वाटत असणार. वर्षाने तक्ता पुन्हा काढा. बदलावंसं वाटलं तर उघडपणे बदला, जुन्या पाळकसाहेबांना भेटून, पत्र घेऊन. मागच्या दाराने जाऊ नका. आणि जिथे जाल तिथे मग वर्गणी, सभा, आजाऱ्याच्या भेटी, भांडणं, सगळ्यांत राहा.

आईचा प्रश्न राहिला. तो तुम्हाला बारीक वाटला असेल, मला नाही वाटला. आपल्याकडे दफनभूमी मंडळीची असते, आणि सभासदाचं नाव वहीत चालू नसेल तर ऐन वेळी घरच्यांना हात जोडत फिरावं लागतं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. सत्तरीच्या बाईने नवऱ्याशेजारच्या सहा फुटांची काळजी करावी, यात हसण्यासारखं काही नाही. तुम्ही तीन वर्षं गेला नाहीत म्हणजे घरची वर्गणीही तीन वर्षं थकली असणार. या रविवारी उपासनेनंतर खजिनदारांना गाठा. वहीत तुमचं आणि आईचं नाव आहे ना ते स्वतः बघा. थकलेली सगळी रक्कम भरा आणि पावती आईच्या नावाने करून घ्या. घरी आल्यावर ती तिच्या हातात द्या. ती पावती ती बायबलमध्ये ठेवेल, तुमच्या बाबांच्या फोटोजवळ.